कीटकनाशके आणि स्त्रीबीज: तासगाव-मिरज पट्ट्यातील बागायतदार कुटुंबासाठी मार्गदर्शक

सांगली जिल्ह्यातील तासगाव, पलूस, मिरज आणि कवठेमहांकाळ या द्राक्षबागांच्या तालुक्यांत फवारणीचा विचार बहुधा दोन बाजूंनी होतो. कीड आटोक्यात येते का, ही एक. आणि माल निर्यातीच्या उर्वरित अंश तपासणीत उतरतो का, ही दुसरी. त्याच बागेत घडांची विरळणी करणाऱ्या स्त्रीच्या आणि त्याच बांधावरचे गवत खाणाऱ्या म्हशीच्या शरीरातील स्त्रीबीजावर या औषधांचा काय परिणाम होऊ शकतो, ही तिसरी बाजू मात्र फारशी चर्चेत येत नाही. विषबाधा झाली की ती डोळ्यांना दिसते. उलटी, घाम, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही लक्षणे गावात सर्वांना ठाऊक आहेत. स्त्रीबीजावरचा परिणाम असा दिसत नाही. तो काही महिन्यांनी, काही वेळा एका पिढीनंतर जाणवतो आणि तोवर त्याचा फवारणीशी संबंध जोडणारे कोणी उरत नाही. म्हणूनच या लेखात मास्क आणि हातमोज्यांइतकेच महत्त्व वेळेला दिले आहे. कोणती व्यक्ती किंवा कोणते जनावर कोणत्या काळात बागेपासून दूर असावे, हे ठरवता आले तर निम्म्याहून अधिक काळजी तेथेच घेतली जाते, असे माझे मत आहे.

स्त्रीबीज केव्हा तयार होते

पुरुषाच्या शरीरात शुक्रजंतू आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात. सस्तन मादीचे तसे नाही. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडाशयातील सर्व स्त्रीबीजे तयार होतात. गर्भारपणाच्या साधारण विसाव्या आठवड्यात त्यांची संख्या साठ ते सत्तर लाखांपर्यंत पोहोचते, जन्माच्या वेळी ती दहा ते वीस लाखांवर येते, आणि पाळी सुरू होईपर्यंत तीन ते चार लाखच उरतात. यांपैकी आयुष्यभरात सुमारे चारशे ते पाचशे स्त्रीबीजे पक्व होऊन बाहेर पडतात. ही शिल्लक वाढत नाही. ती केवळ कमी होत जाते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ही स्त्रीबीजे गर्भातच अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे पेशीविभाजन) सुरू करतात आणि ते अर्धवट सोडून थांबतात. पस्तीस वर्षांच्या स्त्रीच्या शरीरातून या महिन्यात बाहेर पडणारे स्त्रीबीज पस्तीस वर्षांहून अधिक काळ त्या थांबलेल्या अवस्थेत राहिलेले असते. त्याच्याभोवती सुरुवातीला पेशींचा एक पातळ थर असतो. पुढे हा थर वाढून त्याची द्रवाने भरलेली पिशवी होते, जिला डॉक्टर फॉलिकल म्हणतात. सुप्त फॉलिकल जागा होऊन बीज बाहेर पडेपर्यंत स्त्रीमध्ये कित्येक महिने लागतात आणि त्यांतील शेवटचे सुमारे ८५ दिवस वेगवान वाढीचे असतात. गाईमध्येही हा वाढीचा काळ दोन-अडीच महिन्यांच्या आसपासचा मानला जातो. त्यामुळे आज माजावर आलेल्या जनावराच्या स्त्रीबीजाची वाढ दोन महिन्यांपूर्वीच्या चाऱ्यावर, त्या वेळच्या आजारपणावर आणि त्या वेळच्या औषधांच्या संपर्कावर झालेली असते.

अगदी शेवटच्या काही तासांत मोठी घडामोड होते. मेंदूतील पीयूषिका ग्रंथीकडून एलएच संप्रेरकाची लाट आली की थांबलेले विभाजन पुन्हा सुरू होते, केंद्रकाचे पटल विरघळते, तर्कूच्या (गुणसूत्रांना ओढून वेगळी करणाऱ्या तंतूंच्या चौकटीच्या) तंतूंवर गुणसूत्रे ओळीने मांडली जातात, त्यांतील निम्मी एका छोट्या ध्रुवीय पिंडात बाहेर टाकली जातात आणि स्त्रीबीज पुन्हा एकदा थांबून शुक्रजंतूची वाट पाहते. प्रयोगशाळेत गाईचे स्त्रीबीज या टप्प्यावर पोहोचायला साधारण २२ ते २४ तास लागतात, डुकराच्या स्त्रीबीजाला ४२ ते ४४ तास. संशोधक औषधांच्या चाचण्या बहुतेक वेळा याच टप्प्यावर करतात, कारण सूक्ष्मदर्शकाखाली बिघाड सर्वांत स्पष्ट येथेच दिसतो.

कीटकनाशक नेमका कोठे आघात करते

कीटकनाशके किड्याच्या मज्जासंस्थेवर काम करण्यासाठी बनवलेली असतात. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, डायमेथोएट ही ऑरगॅनोफॉस्फरस गटातील औषधे अॅसिटिलकोलीनएस्टरेज हे मज्जासंस्थेतील विकर (एन्झाइम) अडवतात. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन या पायरेथ्रॉइड गटातील औषधांमुळे चेतापेशींच्या सोडियम वाहिन्या वेळेवर बंद होत नाहीत. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, अॅसिटामिप्रिड ही निओनिकोटिनॉइड औषधे चेतापेशींवरील निकोटिनिक ग्राहींवर (रिसेप्टरवर) बसतात. स्त्रीबीज ही काही चेतापेशी नव्हे. तरीही त्यावर परिणाम का व्हावा, हा प्रश्न रास्त आहे.

पहिले कारण ऊर्जेचे आहे. पक्व स्त्रीबीजात एक लाखाहून अधिक तंतुकणिका (पेशीतील ऊर्जाकेंद्रे, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया) असतात आणि तर्कूची बांधणी, गुणसूत्रांची हालचाल, फलनानंतरची पहिली विभाजने या सर्वांना लागणारी ऊर्जा त्याच पुरवतात. गर्भाला मिळणाऱ्या तंतुकणिका जवळजवळ पूर्णपणे आईकडूनच येतात. प्रयोगांत निरनिराळ्या गटांतील कीटकनाशकांच्या संपर्कात उंदीर, डुक्कर आणि गाईच्या स्त्रीबीजांमध्ये पेशीला इजा करणाऱ्या सक्रिय ऑक्सिजनचे प्रमाण वाढलेले, तंतुकणिकांची क्षमता घटलेली आणि ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य कमी झालेले आढळले आहे. औषधाचे मूळ लक्ष्य वेगळे असले तरी पेशीला ते विघटित करावे लागते आणि त्या कामात हा ताण निर्माण होतो.

दुसरे कारण तर्कूचे आहे. तो वाकडा झाला किंवा गुणसूत्रे ओळीत बसली नाहीत, तर स्त्रीबीजात एखादे गुणसूत्र जास्त किंवा कमी होते. अशा बीजातून झालेली बहुतेक गर्भधारणा टिकत नाही, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने ती गाय फक्त ‘उलटलेली’, म्हणजे रेतनानंतर पुन्हा माजावर आलेली, असते. येथे एक गोष्ट विषयाच्या कडेची असली तरी सांगणे आवश्यक आहे. द्राक्षबागेत कीटकनाशकांपेक्षा बुरशीनाशकांच्या फवारण्या जास्त होतात, आणि त्यांतील कार्बेन्डाझिम हे ज्या ट्युब्युलिन प्रथिनापासून तर्कूचे तंतू बनतात, त्याच प्रथिनाला बांधले जाते. बुरशीवर ते परिणामकारक ठरते ते याच गुणामुळे. त्यामुळे एका टाकीत तीन-चार औषधे एकत्र करताना ‘कीटकनाशक सौम्यच होते’ एवढ्यावर समाधान मानू नये.

तिसरे कारण संप्रेरकांचे आहे. फॉलिकलच्या भिंतीतील पेशी इस्ट्रोजेन तयार करतात आणि स्त्रीबीजाला पोसतात. ही जोडी बिघडली तर बीज स्वतः निरोगी असूनही फॉलिकल अर्ध्यावर सुकून जातो. डीडीटीच्या जवळच्या मेथॉक्सीक्लोर या औषधावर उंदरांमध्ये झालेल्या कामात वाढीच्या पुढच्या टप्प्यावरील फॉलिकल ऑक्सिजनच्या ताणामुळे नष्ट होताना दिसले. लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेतील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मादी उंदरांना ९० दिवस इमिडाक्लोप्रिड दिले होते. दर किलो वजनाला रोज २० मिलिग्रॅम या मात्रेवर अंडाशयाचे वजन घटले, फॉलिकलची रचना बिघडली आणि संप्रेरकांच्या पातळीत बदल झाला.

औषध अंडाशयापर्यंत पोहोचते का, याविषयी मात्र आता शंका राहिलेली नाही. मानवी फॉलिकलमधील द्रवात डीडीटीच्या अवशेषांसह अनेक कीटकनाशकांचे अंश सापडले आहेत. चरबीत विरघळणारी जुनी औषधे शरीरात वर्षानुवर्षे राहतात. नवी औषधे तुलनेने लवकर बाहेर पडतात, पण दर आठवड्याला नवा संपर्क होत असेल तर त्या लवकर बाहेर पडण्याचा लाभ मिळत नाही.

हे निष्कर्ष कसे वाचावेत

वर सांगितलेली २० मिलिग्रॅमची मात्रा ५० किलो वजनाच्या स्त्रीला लावायची, तर ती रोज एक ग्रॅम शुद्ध इमिडाक्लोप्रिड होते. बागेत काम करणाऱ्या कोणत्याही स्त्रीच्या शरीरात इतके औषध जात नाही. काचेच्या बशीत स्त्रीबीज थेट औषधात ठेवून केलेल्या प्रयोगांतही मात्रा बहुधा जास्त असते आणि तेथे यकृताचे संरक्षण नसते. म्हणून अशा प्रयोगांवरून ‘हे औषध फवारले की मूल होत नाही’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. त्याच वेळी प्रयोगात एकच औषध ठरावीक दिवस दिले जाते, तर बागेतील संपर्क अनेक औषधांच्या मिश्रणाशी, वर्षानुवर्षे आणि गर्भावस्थेतही होत राहतो. या बाजूने पाहिले तर प्रयोग प्रत्यक्षापेक्षा सौम्य ठरतात.

माणसांवरील निरीक्षणांत अमेरिकेतील बोस्टन येथे वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या ३२५ स्त्रियांचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या फळा-भाज्यांत उर्वरित अंश जास्त असतात त्या सर्वाधिक खाणाऱ्या गटात, सर्वांत कमी खाणाऱ्या गटाच्या तुलनेत गर्भधारणेची शक्यता १८ टक्क्यांनी आणि जिवंत मूल जन्माला येण्याची शक्यता २६ टक्क्यांनी कमी आढळली. हा संबंध आहे, सिद्ध झालेले कारण नव्हे. फळे-भाज्या खाणेच थांबवावे असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. पण केवळ खाण्यातून येणाऱ्या अंशांविषयी असे चित्र दिसत असेल, तर ओल्या वेलींत दिवसभर उभे राहणाऱ्या स्त्रीची काळजी घ्यायला आणखी पुराव्याची वाट पाहू नये.

पहिली पायरी: घरातील आणि गोठ्यातील तारखा एका कागदावर आणाव्यात

निर्यातीसाठी अपेडा या केंद्र सरकारच्या निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या संगणकीय नोंदणीवर बाग नोंदवलेले शेतकरी फवारणीची नोंदवही ठेवतातच: तारीख, औषध, मात्रा, काढणीपूर्व प्रतीक्षा काळ. त्याच वहीत दोन रकाने वाढवावेत. एका रकान्यात त्या दिवशी आणि पुढील दोन दिवसांत बागेत कोण कामाला होते ते लिहावे. दुसऱ्यात जनावरांच्या माजाच्या, रेतनाच्या आणि गाभण तपासणीच्या तारखा लिहाव्यात. ग्राहकाच्या ताटासाठी ठेवलेली नोंद यामुळे आपल्या घरासाठीही उपयोगी पडते.

आता संवेदनशील काळ ओळखावेत. स्त्रीसाठी ते दोन आहेत. मूल हवे असे जोडप्याने ठरवल्यावर प्रयत्न सुरू करण्याआधीचे तीन महिने हा पहिला काळ, कारण गर्भधारणेसाठी पुढे येणारे स्त्रीबीज त्या वेळी वाढत असते. गर्भारपण हा दुसरा काळ, आणि त्यातही पहिल्या तीन महिन्यांपासून सहाव्या महिन्यापर्यंतचा भाग अधिक नाजूक, कारण पोटातील गर्भ मुलीचा असेल तर तिची आयुष्यभराची स्त्रीबीजे याच काळात तयार होत असतात. आजीच्या अंगावर पडलेल्या तुषारांचा नातवंडांशी संबंध येतो तो या अर्थाने.

उदाहरण म्हणून हिशेब करून पाहावा. शेवटची पाळी १ जुलैला आली असेल तर २३ सप्टेंबरला बारा आठवडे, १८ नोव्हेंबरला वीस आठवडे आणि १६ डिसेंबरला चोवीस आठवडे पूर्ण होतात. आपल्याकडची फळछाटणी, त्यानंतरची उडद्या भुंगेऱ्यांसाठीची फवारणी, फुलोऱ्यातील फुलकिड्यांची फवारणी, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे) आणि विरळणी ही सर्व कामे नेमकी याच पट्ट्यात येतात. मूल केव्हा व्हावे हे बागेने ठरवावे, असे मी म्हणणार नाही. काम बदलावे, एवढेच म्हणणे आहे.

काम बदलण्याचा प्रश्न घरच्या सुनेपुरता सोपा असतो. रोजंदारीवर येणाऱ्या टोळीतील स्त्रीसाठी तो मजुरीचा प्रश्न असतो. ‘आठ दिवस येऊ नकोस’ असे सांगणे म्हणजे तिचा रोज बुडवणे होय, आणि त्या भीतीने ती गर्भारपण लपवून कामावर येते. बागायतदाराने तिला त्याच रोजाने बेदाण्याची प्रतवारी, रोपवाटिका किंवा अद्याप न फवारलेल्या तुकड्यातील काम द्यावे आणि हे हंगामाच्या सुरुवातीलाच मुकादमाला स्पष्ट सांगावे. बेदाणा शेडमध्ये गंधकाची धुरी चालू असेल, तेथे मात्र तिला बसवू नये.

दुसरी पायरी: लेबल वाचताना त्रिकोणावर थांबू नये

कीटकनाशक कायदा १९६८ आणि त्याखालील १९७१ च्या नियमांनुसार प्रत्येक डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वाधिक विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. हे वर्गीकरण तोंडावाटे किंवा त्वचेवाटे गेलेल्या किती मात्रेने प्रयोगातील निम्मे प्राणी मरतात, यावर आधारलेले आहे. लाल त्रिकोणासाठी ती तोंडावाटे दर किलोला १ ते ५० मिलिग्रॅम आहे. स्त्रीबीज, गर्भ किंवा संप्रेरके यांच्यावरील परिणामाचा या रंगात समावेश नाही. हिरवा किंवा निळा त्रिकोण पाहून ‘हे बायकांनी फवारले तरी चालते’ असे दुकानात सांगितले जाते, ते म्हणूनच ग्राह्य धरू नये.

लेबलवर पाहायच्या गोष्टी अशा: औषध द्राक्ष, ऊस, हळद यांपैकी ज्या पिकावर वापरायचे आहे त्यासाठी नोंदणीकृत आहे का, शिफारस केलेली मात्रा किती, काढणीपूर्व प्रतीक्षा काळ किती, आणि विषबाधेवरचा उतारा कोणता. घरातील जुना साठाही तपासावा. उसात आणि आल्या-हळदीत पूर्वी सर्रास टाकले जाणारे फोरेट, ज्याला गावात थिमेट म्हणतात, आणि डायक्लोरव्हॉस ही दोन्ही ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहेत. एन्डोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये बंदी घातली. शेडच्या फळीवर अशी पुडी किंवा डबा सापडला तर ती ‘संपवून टाकू’ म्हणून वापरू नये, ओढ्यात किंवा विहिरीजवळ टाकू नये. कृषी विभागाच्या कर्मचाऱ्याला कळवून तिची विल्हेवाट विचारावी.

तिसरी पायरी: फवारलेल्या बागेत केव्हा आणि कसे जावे

फवारणी करणारा पुरुष ट्रॅक्टरवर असतो, ब्लोअर दोन ओळींमधून निघून जातो, आणि खरा दीर्घ संपर्क दुसऱ्या दिवशी हातांनी पाने बाजूला करणाऱ्या स्त्रियांचा होतो. शेंडा मारणे, काडी बांधणे, विरळणी, डिपिंग या सर्व कामांत हाताचा पंजा, मनगट आणि कोपरापर्यंतचा भाग सतत पानांना घासत असतो, आणि शेतकामात औषध शरीरात जाण्याचा मुख्य मार्ग त्वचा हाच आहे. नाकावरचा रुमाल या मार्गाला अडवू शकत नाही.

त्यामुळे लेबलवर बागेत परतण्याचा काळ दिला असेल तर तो पाळावा. दिला नसेल तर औषध पूर्ण वाळून वर किमान एक पूर्ण दिवस जाऊ द्यावा आणि दव पडलेल्या सकाळी दव उतरल्यावरच आत जावे, कारण दवाने पानावरचे औषध पुन्हा ओले होऊन हाताला लागते. सुती हातमोजे औषध शोषून घेतात आणि दिवसभर त्वचेला चिकटवून ठेवतात. त्यांपेक्षा नायट्राइलचे हातमोजे वापरावेत, रोज आतून-बाहेरून धुवावेत आणि भोक पडताच बदलावेत. साडीवर पुरुषी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालण्याची आपल्याकडची पद्धत चांगली आहे. बाह्यांची टोके हातमोज्यांच्या वर येतील असे पाहावे. भाकरी सोडण्याआधी हात साबणाने धुण्याची सोय बागेच्या तोंडाशी असावी, आणि जेवण वेलींखाली नव्हे तर बागेबाहेरच्या सावलीत व्हावे. तंबाखू किंवा मशेरी लावणाऱ्या हातांतून औषध थेट तोंडात जाते, हे टोळीतील वडीलधाऱ्या बायकांनी इतरांना सांगितले तर ते अधिक ऐकले जाते.

औषध कालवणे हे सर्वांत धोक्याचे काम, कारण तेथे औषध पातळ झालेले नसते. मूल हवे असलेल्या, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने आणि पाळी सुरू होण्याच्या वयातील मुलींनी ते कधीही करू नये. पाण्याची नळी धरायला ‘जरा उभी राहा’ म्हणून मुलीला बोलावले जाते, तेही टाळावे.

चौथी पायरी: औषध घरात येऊ न देणे

फवारणीचे कपडे घराच्या बाहेरच उतरवावेत, वेगळ्या बादलीत भिजवावेत, धुण्याच्या पावडरीने दोनदा धुवावेत आणि उन्हात वाळवावेत. ते धुणारी व्यक्ती बहुधा घरातील स्त्रीच असते, म्हणून तिनेही हातमोजे घालावेत. ज्याने फवारले त्यानेच कपडे धुतले तर उत्तम. गरोदर स्त्रीने हे काम करू नये. औषधाचे डबे कुलूपबंद पेटीत, धान्य आणि पेंडीपासून दूर ठेवावेत. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच घालावे आणि डब्याला भोके पाडावीत, म्हणजे तो दूध, तेल किंवा पाण्यासाठी वापरला जाणार नाही. डासांसाठी घरात लावली जाणारी द्रवाची यंत्रे आणि झुरळांचे खडू यांतही बहुधा पायरेथ्रॉइडच असते. झोपण्याच्या खोलीत मच्छरदाणी हा अधिक चांगला उपाय आहे.

फळे आणि भाज्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुवाव्यात. आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शोषले जाणारे, औषध धुण्याने जात नाही, ते फक्त प्रतीक्षा काळ पाळल्यानेच कमी होते. म्हणून घरी खाण्यासाठी राखलेल्या वेलींनाही निर्यातीच्या वेलींचाच नियम लावावा.

पाचवी पायरी: गोठा

गाय दोन-तीनदा उलटली की लगेच औषधांना दोष देणे योग्य नाही. माज ओळखण्यात चूक, रेतनाची वेळ टळणे, गर्भाशयाचा संसर्ग, विल्यानंतर ऊर्जेची तूट, खनिजांची कमतरता आणि म्हशींमधील मुका माज ही कारणे कितीतरी अधिक वेळा आढळतात, आणि ती आधी तपासावीत. तरीही ज्या गोठ्यात ही सर्व कारणे तपासूनही जनावरे गाभण राहत नाहीत, तेथे चाऱ्याचा इतिहास पाहणे आवश्यक ठरते.

आपल्या भागात चारा औषधाच्या संपर्कात येण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. द्राक्षबागेच्या बांधावरचे आणि दोन ओळींमधले गवत कापून आणले जाते. विरळणीतले आणि शेंडा मारल्यावरचे हिरवे शेंडे शेळ्यांपुढे टाकले जातात. उसाचे वाढे येते. २०१८ पासून अमेरिकन लष्करी अळी आल्यानंतर मक्याच्या पोंग्यात औषध सोडले जाते आणि तोच मका कडवळ म्हणून किंवा मुरघासासाठी तोडला जातो. लसूणघासावर माव्यासाठी फवारणी होते आणि पुढची कापणी थांबत नाही. प्रत्येक वाटेवर नियम एकच आहे: फवारणीची तारीख वहीत पाहावी आणि लेबलवरचा प्रतीक्षा काळ उलटल्याशिवाय तो चारा गोठ्यात आणू नये. बागेतील गवत त्या हंगामात गाभण आणि रेतनाच्या तयारीतील जनावरांना न देता आच्छादन म्हणून बागेतच पसरलेले बरे.

वेळेचा हिशेब येथेही करावा. आपल्या म्हशींचा माज बहुतांशी पावसाळ्याच्या शेवटापासून हिवाळ्यापर्यंत येतो, म्हणजे त्याच्या आधीचे दोन-अडीच महिने निर्मळ चाऱ्याचे असावेत. गाभण जनावराच्या पोटातील कालवडीची किंवा रेडीची स्त्रीबीजे साधारण तिसऱ्या महिन्याच्या आसपास विभाजनाच्या थांबलेल्या अवस्थेकडे जाऊ लागतात. त्या सुमारास चाऱ्याविषयी विशेष जपावे.

गोचिडांसाठी जनावरांच्या अंगावर डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन किंवा अमित्राझ लावले जाते. जनावरांसाठी बनवलेलेच औषध, पशुवैद्यकाने सांगितलेल्या मात्रेत वापरावे. शेतीचे सायपरमेथ्रिन उरले आहे म्हणून अंदाजाने पाण्यात टाकून जनावरावर ओतू नये. गोठ्याच्या भिंतींच्या फटी बुजवणे आणि शेणाचा ढीग दूर नेणे यांनी गोचीड कमी होतात आणि औषधाचे हप्तेही. ब्लोअरची टाकी जनावरांच्या हौदाजवळ धुऊ नये, आणि ताकारी-म्हैसाळच्या कालव्यात किंवा पाटात तर मुळीच नाही.

सहावी पायरी: औषधाची गरजच कमी करणे

या जिल्ह्याला याचा मोठा अनुभव आहे. २००२ मध्ये उसावर लोकरी मावा आला तेव्हा फवारणी हाच एक उपाय वाटत होता. उंच उसात ती नीट करताही येत नव्हती. शेवटी डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांनी तो आटोक्यात आणला आणि शेतकऱ्यांनी ज्या शेतांत फवारणी थांबवली तेथेच ते मित्रकीटक टिकले. हुमणीसाठी पहिल्या वळवानंतर कडुनिंब आणि बाभळीवर संध्याकाळी जमणारे भुंगेरे गोळा करणे आणि जमिनीत मेटारायझियम ही मित्रबुरशी देणे, खोडकिड्यासाठी ट्रायकोकार्ड (मित्रकीटक असलेले कार्ड) लावणे, द्राक्षात छाटणीनंतर ओलांड्याची (वेलीच्या आडव्या फांदीची) सुटी साल काढून पिठ्या ढेकणाचा आसरा मोडणे, पहाटे वेली हलवून उडद्या गोळा करणे, फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे लावून त्यांची संख्या पाहूनच फवारणीचा निर्णय घेणे, ही कामे कष्टाची आहेत पण त्यांतून हंगामातील काही फवारण्या खरोखर टळतात. कोणत्या फवारण्या टाळायच्या हे ठरवताना त्यांत विरळणी आणि डिपिंगच्या लगेच आधीची फवारणी पहिली धरावी, कारण स्त्रियांचा हातांनी होणारा संपर्क तेव्हा सर्वाधिक असतो.

सातवी पायरी: डॉक्टरांकडे केव्हा जावे आणि काय न्यावे

औषध अंगावर सांडले किंवा विषबाधेची लक्षणे दिसली तर कपडे उतरवून साबणाने धुवावे, औषधाचे लेबल सोबत घ्यावे आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. गरोदर स्त्रीला असे झाले असेल तर लक्षणे नसली तरी तपासणी करून घ्यावी.

नियमित प्रयत्नांनंतर एक वर्षात, आणि स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांत दिवस राहिले नाहीत, तर पती-पत्नी दोघांनी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. यासाठी आपल्या भागातून मिरज-सांगली जवळ आहे. एएमएच (अंडाशयातील फॉलिकलमधून स्रवणारे संप्रेरक) ही रक्ततपासणी आणि सोनोग्राफीतील फॉलिकलची मोजणी यांतून स्त्रीबीजांच्या शिल्लक संख्येचा अंदाज येतो, त्यांच्या गुणवत्तेचा नव्हे. त्यामुळे एएमएच चांगले आले म्हणून बागेतील संपर्काची माहिती डॉक्टरांपासून राखून ठेवू नये. ऑरगॅनोफॉस्फरस औषधांशी वारंवार संपर्क असेल तर रक्तातील कोलीनएस्टरेजची तपासणी करता येते, आणि ती फवारणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी एकदा करून ठेवली असेल तरच नंतरच्या आकड्याशी नीट तुलना होते. गर्भपात वारंवार झाला असेल तर प्रत्येक वेळच्या तारखा फवारणीच्या वहीशी ताडून पाहाव्यात आणि ती वहीच डॉक्टरांपुढे ठेवावी.

जनावरांच्या बाबतीत तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी तपासणी करावी. तेथे उलगडा झाला नाही तर सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारणा करता येते. जाताना मागील तीन माजांच्या आणि रेतनांच्या तारखा, विल्याची तारीख, दुधाचे प्रमाण, दिलेला चारा कोणत्या रानातला होता आणि त्या रानावर केव्हा काय फवारले होते, एवढे लिहून न्यावे. मागील किमान तीन महिन्यांची नोंद त्यात असावी.